बळ्ळारी नाल्याच्या पाण्यावरची वैरण: गवत वाढते, पण मातीचे काय?

मूळ मांडणी (शहापूर शिवार)
बेळगाव शहराचे सांडपाणी वाहून आणणाऱ्या बळ्ळारी नाल्यावर उन्हाळ्यात पंप बसतात आणि विहिरी आटलेल्या असतानाही काठावरचे हत्ती गवत पुरुषभर वाढते. एवढ्यावरून माती सुधारल्याचा जो निष्कर्ष काढला जातो, तो मला मान्य नाही. माझ्या एका तुकड्यात दोन उन्हाळे या पाण्यावर गवत घेतले आणि नंतर भात काढून मसूर पेरला. पौषात फुलोऱ्याच्या वेळी झाडे मुळांसकट उपटून धुतली, तेव्हा मुळांवर मोजक्याच गाठी होत्या आणि नखाने फोडल्यावर त्या आतून पांढरट निघाल्या. बांधापलीकडच्या कोरडवाहू मसुराच्या गाठी मात्र गुलाबी होत्या. गाठीत राहून हवेतील नत्र पिकासाठी बांधणारे जिवाणू काम करत असले, की गाठ आतून गुलाबी असते. माझ्या मते या पाण्याने त्यांचे काम थांबवले आहे.

उत्तर (वडगाव, दूधव्यवसाय)
गाठींचे निरीक्षण खरे असले तरी त्याचा अर्थ चुकला आहे. जमिनीत नत्र आयते मिळाले की कडधान्य फारशा गाठी धरत नाही. पेरणीला जादा युरिया घातला तरी हेच दिसते. आता हिशेब पाहा. घरगुती सांडपाण्यात लिटरमागे साधारण ३० मिलिग्रॅम नत्र धरले आणि एकरी ५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २ लाख लिटरची एक पाळी दिली, तर ६ किलो नत्र पडते. दहा पाळ्यांत ६० किलो झाले, म्हणजे युरियाची जवळपास तीन पोती. शिवाय पाण्यातील सेंद्रिय द्रव्य सूक्ष्मजीवांना खाद्यच ठरते. मेक्सिकोतील मेझक्विटल खोऱ्यात राजधानीच्या सांडपाण्यावर शंभराहून अधिक वर्षे शेती झाली आणि तेथील मातीत सेंद्रिय कर्ब व सूक्ष्मजीवांचे वस्तुमान वाढलेलेच आढळले. मेलबर्नजवळ वेरिबी येथे १८९७ पासून सांडपाण्यावर कुरणे राखली गेली. चैत्रात पिंजर (भाताचा पेंढा) संपल्यावर म्हशींपुढे काय टाकायचे, हेही कोणी सांगावे.

उत्तर (येळ्ळूर, निवृत्त कृषी शिक्षक)
मेझक्विटलच्या त्याच मातीत जड धातूही साचले, हे वरील उत्तरात गळले. सूक्ष्मजीव वाढले म्हणजे सगळेच वाढले असे नसते: आयत्या खाद्यावर झपाट्याने वाढणारे जिवाणू फोफावतात, तर स्फुरद भरपूर झाल्यावर मुळांशी सहजीवन करणारी मायकोरायझा बुरशी मागे पडते. इंग्लंडमधील वोबर्न येथे १९४२ ते १९६१ या काळात शेतात मैलागाळ घातला गेला. तो थांबवून वीसेक वर्षे लोटल्यावरही तेथील सूक्ष्मजीवांचे वस्तुमान निम्म्याच्या आसपास होते, आणि पांढऱ्या क्लोव्हरच्या गाठी नत्र बांधू शकत नव्हत्या, कारण गाळातून आलेले जड धातू मातीतच राहिले होते. गाळ आणि पाणी एक नव्हे, हे मान्य; पण बेळगाव हे फाउंड्र्यांचे आणि यंत्रभागांचे शहर आहे, आणि मुलामा देणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यात निकेल, जस्त, क्रोमियम असू शकते. म्हणून घरगुती पाणी वेगळे आणि कारखान्याचे वेगळे, हा भेद केल्याशिवाय तीन पोत्यांचा हिशेब अपुरा आहे. त्यात आपली जमीन काळी. साबण आणि डिटर्जंटमधील सोडियमने तिचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात आणि पाणी वरच तुंबते. मग हवेविना जगणारे जिवाणू त्यातील बरेचसे नत्र वायूरूपाने उडवून लावतात.

उत्तर (हलगा)
वैरण कापणाऱ्या बायका त्याच चिखलात अनवाणी उभ्या असतात, याचा उल्लेख अजून कोणीच केला नाही. या पाण्यातून येणारी फीतकृमीची अंडी गवतावर चिकटून जनावरांच्या पोटात जातात. निदान कापणीआधी दोन आठवडे तरी पाणी बंद ठेवावे.

उत्तर (वडगाव, दूधव्यवसाय)
पाणी बंद ठेवणे जमेल आणि तसे केले पाहिजे. सोडियमसाठी जिप्समही घालता येईल. धातूंची मात्र भीती घालू नये, माती तपासावी. तोवर गवत कापणे मी थांबवणार नाही.

मूळ मांडणी (शहापूर शिवार)
आयत्या नत्राचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, हे कबूल करतो. म्हणून यंदा त्या तुकड्याला नाल्याचे पाणी पूर्ण बंद केले असून, भाताने उरलेले नत्र ओढून घेतल्यावर तेथे युरियाशिवाय मसूर पेरणार आहे. पौषात मुळे पुन्हा उपटून पाहू. वडगावच्या काकांनीही त्यांच्या गवताच्या वाफ्यातली टोपलीभर माती तपासणीसाठी द्यावी, माझ्या मातीबरोबरच पाठवतो.