मदत हवी आहे: पद्मिनीला एसी बसवलाय, सिग्नलला गरम हवा येते

संत्रानगरी:
मंडळी, तातडीनं मदत हवी आहे. बाबांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीला एसी बसवून घेतला. वर्धा रोडला मस्त गार होतं, पण गाडी सिग्नलला उभी राहिली की थोड्याच वेळात गरम हवा. टेम्परेचरचा काटा चढतो आणि इंजिन बंद पडायला बघतं. फिटर म्हणतो अजून गॅस भरू. पुन्हा भरून झाला, फरक शून्य. मे महिन्यात ताईचं लग्न आहे, नवरदेव याच गाडीतून मांडवात यायचाय. कंप्रेसर (गॅस दाबणारा पंप) बदलू का? कुठला घेऊ?

स्पॅनर१२:
साल कुठलं? पेट्रोल की १३७डी डिझेल? वीज बनवायला डायनमो की अल्टरनेटर? कंप्रेसर कुठला, गॅस कुठला, कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) कुठे बसवलाय, त्याला वेगळा फॅन आहे का? यातलं काहीच लिहिलं नाहीत. कंप्रेसर बदलायचं नाव आत्ताच काढू नका.

कोथरूडकर:
१०८९ सीसी, चाळीसेक हॉर्सपॉवर, त्यातली तीन-चार कंप्रेसर खाणार. लग्नाला एसी गाडी भाड्यानं घ्या आणि पद्मिनी जशी आहे तशी जपा. माझ्या मामांनी एसी बसवला आणि दोन उन्हाळ्यांत इंजिनचं हेड गॅस्केट गेलं.

संत्रानगरी:
भाड्याची गाडी घ्यायची असती तर इथे विचारलंच नसतं. ८९ची, पेट्रोल, अल्टरनेटर आहे. कंप्रेसर मारुती ८००चा, जुन्या बाजारातला. कूलिंग कॉइल डॅशबोर्डखाली. गॅस एसीचाच, अजून कुठला असणार?

निवृत्त_फिटर:
बेटा, एसीचा गॅस म्हणजे आर-१२ की १३४ए, हे विचारतोय तो. जुन्या किटमध्ये आर-१२ असायचा. तेल, पाइप, सगळं वेगळं. मी म्हणेन आर-१२ मिळतो का बघा, थोड्या प्रेशरवर छान थंड करतो.

स्पॅनर१२:
काका, मॉन्ट्रियल करारानुसार भारतात २०१०पासून सीएफसी, म्हणजे आर-१२सारखे ओझोन खाणारे गॅस, बंद आहेत. आज कुणी आर-१२ म्हणून काही विकलं तर बाटलीत काय असेल सांगता येत नाही. आणि स्वयंपाकाचा गॅस भरणारेही भेटतात, त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. कूलिंग कॉइल गुडघ्यांपाशी आहे, गळला तर गाडीच्या आत साठेल.

मस्कतकर:
इकडे पन्नास अंशांत गाड्या चालतात. इंजिनवर भार नकोच, बारा व्होल्टचा इलेक्ट्रिक कंप्रेसर लावा. ऑनलाइन मिळतो.

स्पॅनर१२:
हिशेब करा. छोट्या केबिनला तीनेक किलोवॅट थंडावा हवा, त्याला हजार-बाराशे वॅट वीज लागणार. बारा व्होल्टवर ऐंशी ते शंभर अँपिअर. पद्मिनीचा अल्टरनेटर याच्या निम्म्यालाही पुरणार नाही. इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा कंप्रेसरच बरोबर आहे.

मस्कतकर:
मोठा अल्टरनेटर लावता येतो की.

स्पॅनर१२:
मग तो अल्टरनेटर फिरवायला इंजिनच लागणार ना? भार कुठे कमी झाला? धागाकर्ते, फॅनचं सांगा.

वाहनप्रेमी:
पंधरा वर्षांवरच्या खाजगी गाडीची आरसी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, ग्रीन टॅक्सही भरावा लागतो. लग्नाआधी कागद तपासा. मुंबईत २०२३च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, फार वाईट वाटलं.

संत्रानगरी:
कागद व्यवस्थित आहेत. गॅस १३४ए. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे, त्याच्या पुढे ग्रिलमागे इलेक्ट्रिक फॅन. फॅन फिरतो, मी पाहिलंय.

निवृत्त_फिटर:
फिरतो, पण कुठल्या बाजूला फिरतो? इंजिन बंद ठेवून फक्त फॅन चालू करा आणि ग्रिलसमोर कागद धरा. कागद ग्रिलला चिकटला पाहिजे. बाहेर उडाला तर फॅन इंजिनच्या पंख्याशी भांडतोय. वेगात वारा त्याला दाबतो, म्हणून हायवेला गार लागतं. डीसी मोटर आहे, वायरी उलट जोडल्या की उलटी फिरते.
दुसरी परीक्षा: गाडी उभी, एसी चालू, कंडेन्सरवर पाण्याचा बारीक फवारा. लगेच गार हवा आली तर कंप्रेसर निर्दोष आहे.

संत्रानगरी:
काका, कागद बाहेर उडाला! पाणी मारल्यावर हवा गार झाली. वायरी बदलल्या, काटा आता मध्यावर थांबतो. पण सिग्नलला हवा अजून कोमटच. चुलतभाऊ फ्रिजची कामं करतो, त्याच्या गेजवर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) लो साइड, म्हणजे कंप्रेसरकडे येणारा दाब, ५५ आणि हाय साइड, म्हणजे कंप्रेसरमधून निघणारा दाब, ३३० पीएसआय. बाहेर चाळीस अंश.

स्पॅनर१२:
चाळीस अंशांत १३४ए ची हाय साइड २३० ते २७०च्या आसपास हवी. एक तर गॅस जास्त झालाय किंवा लाइनमध्ये हवा आहे. भरण्याआधी व्हॅक्यूम मारला होता का, म्हणजे पंपानं लाइनमधली हवा ओढून काढली होती का? गॅस वजन करून भरला का? ओलावा शोषणारा ड्रायर नवा आहे? प्रेशर स्विच आहे का?

संत्रानगरी:
व्हॅक्यूम नाही, त्यानं थोडा गॅस सोडून हवा बाहेर काढली. वजन केलं नाही. ड्रायर नवा, स्विच नाही.

निवृत्त_फिटर:
मग फिटर म्हणतो तसा आणखी एकदा गॅस भरला असता तर जास्तच बिघडलं असतं. सगळा गॅस मशीनमध्ये काढून घ्या, हवेत सोडू नका. अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम, मग पंप बंद करून काटा तसाच राहतो का ते बघा. सरकला तर गळती आहे. भरताना गेज आणि वजन दोन्हीकडे लक्ष, थोडा थोडा. आणि स्विच लावाच, हाय साइड वेडीवाकडी चढली की तो कंप्रेसरचा क्लच सोडवून कंप्रेसर थांबवतो.

कोथरूडकर:
आणि काळ्या फिल्मबद्दल कुणी बोललंच नाही. निम्मं ऊन काचेतून येतं.

स्पॅनर१२:
२०१२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर काळ्या फिल्मला दंड होतो. त्यापेक्षा छताच्या आतून इन्सुलेशन लावा, पद्मिनीचा पत्रा तापतो.

संत्रानगरी:
व्हॅक्यूम मारून भरला, स्विचही लावला. आयडलला हाय साइड २५०, लो साइड ३८. सिग्नलला गार! आता फक्त इंजिन बंद पडणं राहिलंय. क्लच लागला की धडधडतं.

निवृत्त_फिटर:
आयडल-अप बसवा, म्हणजे एसी लागला की आयडलचा वेग आपोआप वाढतो. जुन्या कार्बोरेटरच्या मारुतीला असायचा तसा व्हॅक्यूमवरचा, कंप्रेसरच्या वायरीवरून सोलेनॉइड (विजेवरचा व्हॉल्व्ह) चालवायचा. त्याआधी एसी बंद ठेवून आयडल नीट जुळवा. नुसता स्क्रू वाढवून ठेवू नका, एसी बंद असताना गाडी उगाच पळायला बघेल. पट्टाही तपासा, क्लच लागताना चिरकला तर सैल आहे.

संत्रानगरी:
सीताबर्डीत जुन्या मारुतीचे पार्ट मिळतात, उद्या सकाळीच जातो. ब्रॅकेटचा फोटो कुणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.