मदत हवी आहे: उन्हाळी वन्यजीव फील्ड इंटर्नशिप, तीन आठवडे हातात, काय काय घेऊ?

रानवाटा
वन्यजीव संशोधनाच्या उन्हाळी इंटर्नशिपला निवड झाली आहे. सहा आठवडे फील्डवर. तीन आठवड्यांनी निघायचंय. बूट कोणते, दुर्बीण ८×४२ की १०×४२, आणि सॅक किती लिटरची, एवढंच सांगा. नेटवरच्या याद्या वाचून डोकं भणभणलंय, प्रत्येकात वेगळंच. कृपया लवकर.

खंड्या
प्राणी कुठला? पद्धत कोणती? काम दिवसा की रात्री? जमीन कशी आहे? हे कळल्याशिवाय बुटांचं सांगता येत नाही.

चंडोल
दुर्बीण ८×४२च. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिमीमध्ये. ४२ला ८ने भागलं की ५.२५ मिमी, १०ने भागलं की ४.२. एवढ्या रुंदीचा प्रकाश डोळ्यापर्यंत येतो. पहाटेच्या अंधुक उजेडात हा फरक लगेच जाणवतो. शिवाय दहापट दुर्बिणीत हाताची थरथरही दहापट दिसते. चष्मा असेल तर आय रिलीफ (पूर्ण दृश्य दिसेल असं डोळ्यापासून भिंगाचं अंतर) किमान १५ मिमी बघा, नाहीतर दृश्याच्या कडा कापल्या जातात.

पावश्या
कॅमेरा नेणार असाल तर १००-४०० लेन्स पुरेशी आहे. शटर १/१००० च्या खाली आणू नका आणि रॉमध्येच काढा.

खंड्या
पावश्या, फोटोग्राफीचं कुणी विचारलेलं नाही. धागाकर्त्यांनी माझ्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत.

रानवाटा
मिश्र जंगल, चढउतार. मध्यम आकाराचे सस्तन प्राणी. कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) आणि लाइन ट्रान्सेक्ट (ठरलेल्या सरळ रेषेत चालत दिसलेले प्राणी नोंदवणं). पण मी बूट विचारले होते!

खंड्या
घोट्याच्या वर येणारे, हलके, ओले झाले तर रात्रीत वाळणारे. आजच घ्या आणि ठरलेल्या मोज्यांसकट रोज दोन तास चाला. नवे बूट थेट फील्डवर घातले की दुसऱ्या दिवशी टाचेला फोड येतो. मोजे सुती नकोत, घाम धरून ठेवतात. रोजची सॅक २५-३० लिटर.

आता खरं काम. ट्रान्सेक्टवर प्राणी दिसला की तीन आकडे लागतात: तुमच्यापासून त्याचं अंतर, होकायंत्रावर त्याची दिशा आणि रेषेची दिशा. समजा रेषा ४० अंशांवर आहे, प्राणी ६५ अंशांवर आणि ६० मीटरवर. कोन २५ अंश, म्हणून लंब अंतर (रेषेपासून प्राण्यापर्यंतचं काटकोनातलं) ६० × साइन २५, म्हणजे सुमारे २५ मीटर. नवखे लोक छोटे कोन सरळ शून्य लिहून टाकतात. ६० मीटरवर ५ अंशांचा कोन म्हणजे ५ मीटर लंब अंतर, ते शून्य झालं. असं वारंवार झालं की रेषेवरच प्राण्यांची खोटी गर्दी दिसते आणि घनतेचा (ठरावीक क्षेत्रात किती प्राणी याचा) अंदाज फुगतो.

प्राणी तुम्हाला पाहून पळाला तर पळण्याआधीची जागा धरायची. कळप असेल तर कळपाच्या मध्यापर्यंतचं अंतर. दुर्बिणीपेक्षा हा सराव आधी करा: झाडाचं अंतर आधी मनाशी ठरवा, लिहा, मग टेपने मोजा. १०० मीटरला तुमची किती पावलं पडतात तेही सपाटीवर आणि चढावर वेगवेगळं मोजा.

कवडा
ट्रॅपबद्दल. त्याचा सेन्सर प्राण्याच्या आणि मागच्या पृष्ठभागाच्या तापमानातला फरक ओळखतो. भर दुपारी जमीन तापून प्राण्याच्या अंगाइतकी झाली की समोरून गेलेलं जनावरही सुटतं. उलट उन्हात तापलेलं गवत वाऱ्याने हललं की शेकडो रिकामे फोटो. म्हणून समोरचं गवत कापा, लेन्स पूर्व-पश्चिम रोखू नका, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणि वाटेला तिरका, साधारण ४५ अंशांत लावा. वाटेला काटकोनात लावला तर वेगाने जाणाऱ्याची नुसती शेपटी मिळते. लावून झाल्यावर समोरून वाकून चालत जा, दिवा लुकलुकतोय का बघा. कार्ड त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करायचं आणि निघताना जीपीएसचं घड्याळ लेन्ससमोर धरून एक फोटो. कॅमेऱ्याची तारीख चुकली तरी त्या एका फोटोवरून सगळं दुरुस्त होतं.

सेल लिथियमचेच. आठ चार्जिंगचे सेल मिळून ९.६ व्होल्ट देतात, कॅमेऱ्याला १२ हवे असतात. रात्री फ्लॅशचा पल्ला घटतो.

चंडोल
सरसकट असं नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेन्यूत सेलचा प्रकार निवडता येतो. तो न बदलल्यामुळे 'बॅटरी कमी' दिसतं. चांगले चार्जिंगचे सेल शेकडो वेळा वापरता येतात, दर फेरीला लिथियम फेकणं पटत नाही.

कवडा
महिनाभर कॅमेऱ्याकडे फिरकायचं नसेल तर धोका कशाला घ्यायचा? आणि नवे-जुने सेल एकत्र तर कधीच नकोत.

रानवाटा
कॅमेरे, सेल, कार्ड सगळं इंटर्नशिपवाल्यांचंच आहे, त्यावर भांडू नका. गोचिडांसाठी कपड्यांना परमेथ्रिन (कीटकनाशक) आणि हातापायांना डीट (किडे दूर ठेवणारं औषध) घेतलंय, चालेल ना? आणि हो, आठवड्यातून दोन रात्री बेडूक पकडून मोजायचे आहेत.

टिटवी
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. बेडकाची कातडी पातळ आणि ओलसर, हातावरचं डीट किंवा सनस्क्रीन थेट आत शोषलं जातं. त्या रात्री तळहातांना काहीही लावू नका. पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे घाला, प्रत्येक बेडकाला नवी जोडी, आणि ते तिथल्याच पाण्याने ओले करा. एका तळ्यावरून दुसऱ्यावर जाताना बूट ब्रशने घासून चिखल काढायचा, मग जंतुनाशक, मग पूर्ण वाळवायचे. चिखल ठेवून फवारलं तर उपयोग नाही. काइट्रिड बुरशी ओल्या चिखलातून पसरते आणि तिने कित्येक जातींचे बेडूक संपवले आहेत.

परमेथ्रिन ०.५ टक्के, फक्त कपडे-बुटांवर, आदल्या दिवशी फवारून वाळू द्या. मासे आणि पाणकिड्यांना ते घातक आहे, म्हणून ते कपडे घालून पाण्यात उतरू नका. डीटने प्लास्टिक विरघळतं, दुर्बिणीला हात लावण्याआधी बोटं पुसा. गोचीड चिकटलीच तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, पेटती काडी काही नको.

धनुर्वाताची लस तपासा. सस्तन प्राणी हाताळणार असाल तर रेबीजची चावा होण्याआधी घ्यायची लस: दोन डोस, पहिल्यानंतर सात दिवसांनी दुसरा. तीन आठवडे आहेत, आजच डॉक्टरांना भेटा.

पावश्या
अवांतर: पॉवरबँक विमानात हातातल्याच बॅगेत. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-तास, विमानातल्या १०० वॅट-तासांच्या मर्यादेत बसते.

रानवाटा
लसीची वेळ घेतली, बूट घेतले. अंतराचा सराव केला: दहा झाडांपैकी सात कमी धरली, ४० मीटरचं २८ वाटलं. चढावरची तर फारच चुकली. अंतर मोजणारं लेझर मिळणार आहे, मग हा सराव लागेल का?

खंड्या
लागेल. लेझर मधल्या पानावर आपटतं आणि १२ मीटर दाखवतं. तो आकडा खोटा आहे हे डोळ्यानेच ओळखावं लागतं. तेव्हा प्राण्याजवळच्या खोडावर धरा. आणि चढावर ते तिरकं अंतर देतं, गणिताला आडवं हवं. २० अंशांच्या चढावर ६० मीटर दाखवलं तर धरायचे ५६. काही लेझरमध्ये आडव्या अंतराचं सेटिंग असतं. कोणतं चालू आहे ते पहिल्याच दिवशी बघून नोंदवहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिहा.