आईच्या मोबाईलवर अ‍ॅड ब्लॉकर टाकू का? साइटवाल्यांचं नुकसान होतं का?

मृण्मयी_क:
नमस्कार मंडळी, आई रोज मोबाईलवर मराठी बातम्या आणि रेसिपीच्या साइट बघते पण हल्ली जाहिरातींनी पार वैताग आणलाय, अळूवडीचं साहित्य बघायला खाली जावं तर मधेच व्हिडिओ सुरू, बंद करायची फुली एवढीशी की बोट जाहिरातीवरच पडतं आणि भलतंच पान उघडतं. त्यात परवापासून "तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे, लगेच क्लीन करा" असं सारखं वर येतंय, ती घाबरते. अ‍ॅड ब्लॉकर टाकून मोकळं व्हावं असं वाटतं, पण या फुकट साइट जाहिरातींवरच चालतात ना? त्यांचे पैसे बुडवून वाचायचं हे मनाला पटत नाही. तुम्ही काय करता?

सातारकर:
आधी ते व्हायरसचं बघा. ब्राउझर बंद असताना पण येत असेल तर ती साइटवरची जाहिरात नाही, नोटिफिकेशन आहे. कुठल्यातरी साइटने "पुढे जायला अलाऊ दाबा" म्हटलं असणार आणि काकूंनी दाबलं असणार. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशन उघडा, अनोळखी साइट दिसतील तेवढ्या बंद करा. अ‍ॅड ब्लॉकर टाकला तरी हे आपोआप जाईलच असं नाही, म्हणून आधी हे करा.

बाकी अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) चालत नाहीत. फायरफॉक्स घ्या, त्यात यूब्लॉक ओरिजिन हा ब्लॉकर टाका, फुकट आहे आणि बनवणारा देणगीसुद्धा घेत नाही. अँड्रॉइड ९ पासून प्रायव्हेट डीएनएसची सोय आहे (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणारी सेवा), तिथे जाहिराती अडवणारा डीएनएस टाकला की सगळ्या अ‍ॅप्सना लागू होतं, पण मग एखाद्या आवडत्या साइटला सूट देता येत नाही. तुमची अडचण बघता फायरफॉक्सच बरा.

रानवाटा:
मी गडकिल्ल्यांच्या वाटांची एक छोटी साइट चालवते म्हणून लिहिते. डोमेन आणि होस्टिंगचा खर्च दरवर्षी ठरलेला, आणि मराठी पानावरच्या जाहिरातीला मिळतं ते अमेरिकेतल्या इंग्रजी वाचकाच्या मानाने फारच कमी, त्यामुळे ब्लॉकर लावलेला प्रत्येक वाचक आम्हाला जाणवतो. कुठली जाहिरात दिसणार हे मी एकेक निवडत नाही, पान उघडतं त्या क्षणी जाहिरातदारांमध्ये लिलाव होतो आणि जास्त बोली लावणाऱ्याची दिसते. अ‍ॅडसेन्समध्ये, म्हणजे गूगलच्या जाहिरात सेवेत, जुगारासारखे प्रकार बंद करता येतात, ते मी केलेत. पण एक सांगते, पानावर किती जाहिराती, कुठे, अख्खी स्क्रीन झाकणारी हवी का, हे मालकच ठरवतो. ज्याने रेसिपीच्या दर दोन ओळींनंतर जाहिरात घातली त्याची कीव करू नका. जिथे निवांत वाचता येतं तिथे तेवढा ब्लॉकर बंद ठेवा, एवढंच मागणं.

विनय७२:
रानवाटा, तुमची बाजू पटते, पण माझ्या मते हा आधी सुरक्षेचा विषय आहे. मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि बीबीसीच्या साइटवर जाहिरातींच्या नेटवर्कमधून रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) पसरवणाऱ्या जाहिराती आल्या होत्या, म्हणजे साइट चांगली असून भागत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये तर एफबीआयनेच लोकांना ब्लॉकर वापरायला सांगितलं, कारण सर्चमध्ये बँकांच्या, कंपन्यांच्या नावाने खोट्या जाहिराती वर दिसत होत्या. जिथे जाल तिथे माग काढणारे ट्रॅकर आहेत ते वेगळेच. वयस्कर माणसांच्या फोनवर तर ब्लॉकर हवाच, तिथे भीड नको. आवडत्या साइटला यूपीआयने थेट पैसे पाठवता येत असतील तर ते पाठवा, मी दिवाळीला तसंच करतो.

आणि अ‍ॅडब्लॉक प्लस हा दुसरा ब्लॉकर घेणार असाल तर त्यात "स्वीकारार्ह जाहिराती", म्हणजे फार त्रास न देणाऱ्या, २०११ पासून मुद्दाम जाऊ देतात, मोठ्या कंपन्या त्यासाठी फी भरतात. ते सेटिंगमध्ये बंद करता येतं, पण बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

मृण्मयी_क:
नोटिफिकेशन बंद केल्या, तीन अनोळखी साइट निघाल्या, मेसेज थांबले! फायरफॉक्स पण टाकला. रानवाटा, तुमच्या साइटला सूट नक्की देणार. आता लॅपटॉपवर क्रोम म्हणतोय की यूब्लॉक ओरिजिनला सपोर्ट नाही, ते का?

सातारकर:
क्रोमने एक्स्टेंशनचे नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही३ म्हणतात त्याला, जुन्या पद्धतीची एक्स्टेंशन २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद केली. यूब्लॉक ओरिजिन लाइट चालतं, थोडं कमी अडवतं पण रोजच्या वापराला पुरतं. पूर्ण हवं असेल तर लॅपटॉपवर पण फायरफॉक्स.