'ब्रदर्स लायनहार्ट'चा शेवट मुलांना दाखवायचा की नाही?

रानवारा: परवा इथे कुणीतरी लिहिलं, "शेवटी दोन भाऊ कड्यावरून उडी मारतात, असला सिनेमा पोरांना दाखवणाऱ्या आईबापांना अक्कल नाही." डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितो. ओल्ले हेल्बूमचा १९७७चा सिनेमा. पटकथा खुद्द मूळ पुस्तकाची स्वीडिश लेखिका अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेनची, म्हणजे तो शेवट दिग्दर्शकाने घुसडलेला नाही. धाकटा कार्ल क्षयाने अंथरुणाला खिळलाय आणि आपण वाचणार नाही हे त्याला कळलंय. घराला आग लागते तेव्हा मोठा भाऊ योनातन त्याला पाठीवर घेऊन खिडकीतून उडी टाकतो, स्वतः जातो. पुढे मरणानंतर दोघं जिथे भेटतात त्या नांगियालात काटला या राक्षसी ड्रॅगनच्या आगीने योनातनचं अंग लुळं पडतं, तेव्हा धाकटा त्याला पाठीवर घेऊन कड्यावरून उडी टाकतो. जन्मभर भित्रं असलेलं पोर! हे कापलं तर गोष्टीत उरलं काय?

मधुमालती: ते मीच लिहिलं होतं. कथा मला पाठ आहे. पहिली उडी भावाला वाचवायला होती, दुसरी मरायला. १९७३ला पुस्तक आलं तेव्हा स्वीडनमध्येही यावरूनच टीका झाली. माझ्या भाचीने नववीत जीव द्यायचा प्रयत्न केला. 'पलीकडे सगळं छान आहे' सांगणारी गोष्ट आमच्या घरात येणार नाही.

तिसरी घंटा: शेवटाचं राहू द्या, काटला बघून माझी मुलगी हसत सुटली. असला राक्षस आजची मुलं चालवून घेत नाहीत. संगणकावर नव्याने करायला हवा.

रानवारा: संगणकाने काय होतं ते लिंडग्रेनच्याच 'रोन्या'त, दरोडेखोराच्या मुलीच्या गोष्टीत, दिसलं. घिबली या जपानी अ‍ॅनिमेशन स्टुडिओचा सहभाग असलेली २०१४ची मालिका, गोरो मियाझाकीची. चेहरे लाकडी. १९८४चा सिनेमा बघा, त्यातलं जंगल खरं आहे.

तिसरी घंटा: लाकडी? सव्वीसच्या सव्वीस भाग पाहिलेत का? बाप मात्तिस शत्रूटोळीतल्या बिर्कला ओलीस धरतो म्हणून रोन्या दरीपलीकडे शत्रूच्या बाजूला उडी घेते आणि मात्तिस म्हणतो, मला मुलगीच नाही. त्यानंतरचा अबोला बघताना मी रडलोय. सिनेमात तो उरकून टाकलाय.

रानवारा: उरकलेला नाही! जरा परत बघा आणि मग बोला.

सायंतारा: तुम्ही दोघं जंगलातून बाहेर या. मधुमालती, माझा मुलगा आठव्या वर्षी ल्युकेमियाच्या वॉर्डात होता. रात्री विचारायचा, "मी मेलो तर तिथे माझ्यासोबत कोण असेल?" नर्सेस विषय बदलायच्या, मीसुद्धा. हा सिनेमा आम्ही एकत्र पाहिला आणि त्यानंतर तो पहिल्यांदा मोकळेपणी बोलला. आज कॉलेजात आहे. त्याला कुणी मरायला शिकवलं नाही.

मधुमालती: तुमच्या मुलाला त्याची गरज होती, मान्य करते. पण एकटीने मोबाईलवर बघणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीचं काय? शेजारी बसूनच दाखवा, एवढं तरी रानवारांनी वर लिहावं.

रानवारा: लिहितो. तुम्ही 'अक्कल नाही' मागे घ्या.

मधुमालती: नाही घेणार. सिनेमा लावून देऊन स्वयंपाकघरात जाणाऱ्या आईबापांसाठीच ते लिहिलं होतं.