केप टाउन: द्राक्षमळे, पेंग्विन, देवमासे आणि सोबत सासूबाई. सल्ला हवाय!

निसर्गवेडी:
नमस्कार मंडळी. दिवाळीचा फराळ संपला की नोव्हेंबरात केप टाउनला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, पाचवीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाई सत्तरीच्या, पक्क्या शाकाहारी, दारूचं नाव काढलं की कपाळाला आठ्या. चालायला मात्र आमच्यापेक्षा खमक्या. नवऱ्याला वायनऱ्या बघायच्यात (नाशिकला सुलाला जाऊन आल्यापासून स्वारी तज्ज्ञ झाली आहे). मुलाला फक्त प्राणी हवेत. हातात जेमतेम आठवडा.

ट्रॅव्हलवाला म्हणतो क्रूगर अभयारण्य घ्याच, आफ्रिकेत जाऊन सिंह न बघता येणार का? पटत नाहीये, पण मुलगा त्याच्याच बाजूने आहे. शिवाय नोव्हेंबरात देवमासे दिसतात का? गाडी स्वतः चालवावी का? आणि वायनरीत सासूबाईंनी काय करायचं?

दर्यावर्दी:
नोकरीनिमित्त तिथे राहिलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी क्रूगर. नकाशावर देश एक दिसतो, पण केप टाउनहून क्रूगर रस्त्याने साधारण १८०० किमी. विमानाने गेलात तरी जायचा-यायचा वेळ धरून अर्धा आठवडा त्यातच जाणार. वर तो मलेरियाचा पट्टा, नोव्हेंबरात तिथे पावसाळा सुरू होतो, म्हणजे गोळ्या आल्या. सिंहासाठी कधीतरी वेगळी ट्रिप करा. केपची मजा समुद्रातल्या आणि समुद्रकाठच्या जनावरांत आहे.

हर्मेनस केप टाउनपासून सव्वाशे किमीच्या आत आहे. सदर्न राइट जातीचे देवमासे साधारण जूनपासून तिथल्या वॉकर बेमध्ये पिल्लं द्यायला येतात. भर ऑगस्ट ते ऑक्टोबर, नोव्हेंबरात पांगायला लागतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात गेलात तर आशा ठेवा, महिनाअखेरीस ठेवू नका. गावाच्या कडेने कड्यावरून पायवाट आहे, बाकं आहेत, सासूबाईंना झकास. बोटीचा आग्रह नको, मासे किनाऱ्याच्या फार जवळ येतात. पाण्यावर इंग्रजी व्हीसारखा दुहेरी फवारा उडाला की समजा राइट व्हेल. डोक्यावर पांढुरके खडबडीत चट्टे असतात, प्रत्येकाची नक्षी वेगळी. अभ्यासक त्यावरूनच त्यांना ओळखतात.

जाताना मोठा हायवे सोडा. गॉर्डन्स बेवरून समुद्राला चिकटून जाणारा आर ४४ घ्या. वाटेत बेटीज बेला स्टोनी पॉइंटची पेंग्विन वसाहत आहे, गर्दी सायमन्स टाउनच्या प्रसिद्ध बोल्डर्स किनाऱ्यापेक्षा पुष्कळ कमी.

चिंगी_आणि_मंडळी:
बोल्डर्स मात्र सोडू नका हं! सायमन्स टाउनला १९८२ साली पेंग्विनच्या दोन जोड्या आल्या, त्यातून ही वसाहत उभी राहिली. २०२४ मध्ये ही जात 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेली, त्यामुळे मुलाला आत्ताच दाखवा.

तुम्ही जाल तेव्हा बहुतेक त्यांची पिसं झडत असतील. त्या सुमारे तीन आठवड्यांत अंग जलरोधक नसतं, म्हणून पाण्यात जाता येत नाही, म्हणजे मासे नाहीत, कडकडीत उपास. आधी खाऊन गोल झालेले असतात, मग उशी फाटल्यासारखे पिसांचे पुंजके अंगावर घेऊन खडकाआड मख्ख उभे. आजारी नसतात ते! माझी लेक रडायला लागली होती. आवाज थेट गाढवाचा. आणि वास... रुमाल न्या. परतताना गाडीखाली वाकून बघा, तशा पाट्याच आहेत तिथे, सावलीला पेंग्विन येऊन बसतात.

गिर्यारोहक_ठाणे:
क्रूगरबद्दल थोडा असहमत. वर्षानुवर्षं पैसे साठवून जाणाऱ्या माणसाला 'कधीतरी वेगळी ट्रिप' म्हणणं सोपं आहे. पण आठवडाच असेल तर दर्यावर्दींचं ऐका. मधला मार्ग म्हणजे डे हूप अभयारण्य, केप टाउनहून तीनेक तास. सिंह नाहीत, पण केप माउंटन झेब्रा, बाँटेबॉक आणि एलँड ही हरणं, शिवाय केप गिधाडं आहेत, आणि वाळूच्या टेकाडांवरून देवमासेही. शेवटचा टप्पा खडीचा आहे. भाड्याच्या गाडीचा विमा घेताना टायर आणि काच त्यात आहे का ते नीट वाचा, बऱ्याचदा नसतं.

टेबल माउंटनचं तिकीट एका दिवसाला बांधून घेऊ नका. उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा सुटला की रोपवे बंद. पहिली स्वच्छ सकाळ मिळाली की बाकी सगळं बाजूला ठेवून वर जा. रॉबेन आयलंडच्या बोटीचंही तेच, समुद्र खवळला की रद्द. पण ती फेरी कराच. मंडेला २७ वर्षांच्या कैदेतली १८ वर्षं तिथे होते आणि तुरुंग दाखवणारे स्वतः तिथले माजी राजकीय कैदी असतात.

केप पॉइंटला बबून दिसले तर काचा वर आणि चिवडा पिशवीच्या तळाशी. माथेरानची माकडं सज्जन वाटतील.

द्राक्षासव:
माझ्या आवडीचा विषय, तेव्हा दोन शब्द जास्त.

सुला डोक्यात ठेवून जाऊ नका. केपमध्ये पहिली वाइन १६५९ साली निघाली, ग्रूट कॉन्स्टँशिया १६८५ चं. ते शहरातच आहे, उबरने जाता येतं. स्टेलनबॉश पन्नासेक किमीवर. तिथे दिवसाला दोन, फार तर तीन वायनऱ्या. चौथीत जिभेला काही कळत नाही आणि टेस्टिंग दुपारी चार-पाचला आटोपतं. घोट घेऊन थुंकायला भांडं असतं, लाजू नका. पिनोटाज तिथेच प्या, पिनो न्वार आणि सँसो या द्राक्षांचा तो संकर १९२५ मध्ये स्टेलनबॉशलाच झाला. पांढऱ्यात शेनिन ब्लां. हर्मेनसला जाताच आहात तर मागच्या हेमेल-एन-आर्डे खोऱ्यातली पिनो न्वार माझ्या मते सगळ्यात सरस. द्राक्षतोडणी फेब्रुवारी-मार्चात असते, तुम्हाला फक्त हिरवे वेल दिसतील. देवमासे आणि तोडणी एका ट्रिपमध्ये जमत नाही.

सासूबाई आणि चिरंजीवांसाठी व्हर्गेनूख वायनरी. तिथे मळ्यातल्या गोगलगायी टिपायला इंडियन रनर बदकं पाळली आहेत. उभ्या मानेने शेकडो बदकं रांगेत धावत जातात, रोज परेड असते. फ्रान्शहुकला वाइन ट्राम आहे, वायनरीगणिक उतरायचं-चढायचं. गाडी कोणी चालवायची हा वाद तिथे मिटतो. बुकिंग आधी करा.

मोरबेकर:
जेवणाची काळजी नको. केप टाउनच्या बो-काप भागात 'डाल्चीज' मागवा, बेसन-पालक-कोथिंबिरीची भजीच ती. समोसे मात्र विचारून घ्या, बहुतेक खिम्याचे. वायनरीतल्या रेस्टॉरंटला शाकाहारी असल्याचं आदल्या दिवशी कळवा.

आणखी एक. आमच्या रायगड-रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान केप टाउनला शंभराहून जास्त वर्षं आहेत. रायलँड्स भागात नातेवाइकांकडे जाणं होतं, म्हाताऱ्या मंडळींच्या तोंडी अजून कोकणी सापडते. सासूबाईंना गप्पा मारायला माणूस मिळेल बघा.

गाडी खुशाल चालवा, डावीकडूनच चालवतात. अंधार पडल्यावर मात्र अनोळखी भागात पायी नको, सीटवर पर्स-मोबाइल ठेवून उतरू नका. पार्किंगला पिवळ्या जाकिटातला माणूस गाडी राखतो, त्याला निघताना थोडे रँड द्यायचे.

निसर्गवेडी:
सगळ्यांचे मनापासून आभार! क्रूगर रद्द, मुलाला बदकांवर पटवलंय. सासूबाई सकाळपासून विचारतायत, रायलँड्सच्या लोकांना फराळ नेला तर चालेल का. तिकीट आदिस अबाबामार्गे स्वस्त मिळतंय, घेऊ का?

दर्यावर्दी:
घ्या, पण यलो फीव्हरची लस आधी टोचून घ्या. इथिओपिया त्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे, परतताना मुंबई विमानतळावर कार्ड मागू शकतात. लस टोचल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, आणि ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तेव्हा अपॉइंटमेंट लवकर घ्या. सासूबाईंचं वय साठीच्या पुढे आहे, त्यांना लस द्यायची की नाही हे आधी डॉक्टरांना विचारा. नको म्हणाले तर दुबई किंवा दोहामार्गे तिकीट काढा. आणि लाडू-चकल्यांबाबत विमान कंपनीपेक्षा तिथल्या कस्टम्सचे नियम बघा.