मागच्या काचेचा डिफॉगर: फ्यूज ठीक, तरी काच गरम होत नाही

मागच्या काचेवरचं धुकं घालवणारा डिफॉगर चालत नाही, पण फ्यूज ठीक आहे आणि बटणावरचा दिवाही लागतो, असं तुम्ही विचारलंय. तर आधी एक सांगा: सगळीच काच थंड राहते की काचेवरच्या तापणाऱ्या बारीक रेषांपैकी दोन-चारच? सगळ्या रेषा समांतर जोडलेल्या असतात. एक तुटली तर तेवढाच पट्टा धूसर राहतो. पूर्ण काच मेली असेल तर रिले (डिफॉगरला वीज सोडणारा स्विच), अर्थिंग (गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर) किंवा काचेच्या कडेला वायर जिथं जोडतात ती पत्री बघा. हॅचबॅक असेल तर डिकीच्या रबरी नळीतली वायर नक्की तपासा, उघडझाप करून ती आतल्या आत तुटते.

माझ्या गाडीत मात्र रेषाच तुटली होती. सोलापूरच्या उन्हाला कंटाळून लावलेली फिल्म काढताना पोरानं ब्लेड फिरवलं, आणि पावसाळ्यात पुण्याला जाताना मागचं काही दिसेना! मल्टिमीटरच्या (व्होल्ट मोजायच्या यंत्राच्या) टोकाला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा (नाहीतर अजून एक ओरखडा), गाडी चालू ठेवून डिफॉगर लावा आणि रेषेवर सरकत जा. धड रेषेच्या मध्यावर साधारण 6 व्होल्ट दिसतात. जिथं 12 वरून एकदम शून्य होतं, तिथंच तुटलंय. डिफॉगर काही मिनिटांनी आपोआप बंद होतो, तेव्हा पुन्हा बटण दाबायला विसरू नका; मी अर्धा तास उगाच डोकं खाजवलं.

तुटलेल्या जागी रेषेच्या वर आणि खाली चिकटपट्टी लावून चांदीयुक्त कंडक्टिव्ह (वीज वाहून नेणारा) पेंट भरा, पूर्ण वाळू द्या. कडेची पत्री सुटली असेल तर हा पेंट टिकत नाही, सोल्डरिंग (डाग देणं) किंवा कंडक्टिव्ह इपॉक्सीनं चिकटवणं, असं काहीतरी करावं लागतं. सोल्डरिंग जपून, काच तडकू शकते.