देशी सीएनसी म्हणजे पाच वर्षांत भंगार?

भोसरी जे ब्लॉक: काल इथे फोरमवर एकाने सीएनसीबद्दल, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रामवर धातू कापणाऱ्या मशीनबद्दल, लिहिलंय, "देशी सीएनसी घेणं म्हणजे पाच वर्षांनी भंगारात घालणं. कर्ज काढा, पण जपानीच घ्या." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. माझ्या गाळ्यात बंगळुरूचं टर्निंग सेंटर, म्हणजे सीएनसी लेथ, २०११ पासून दोन पाळ्या चालतंय. चिप आत जाऊ न देणारे वायपर बदलले, टरेट (हत्यारं धरणारं फिरतं डोकं) एकदा उघडला, बस्स. आणि देशी देशी म्हणून नाक मुरडता, तर मागचं पॅनेल उघडून बघा. कंट्रोलर, म्हणजे मशीनचा मेंदू, जपानी फानुक नाहीतर जर्मन सीमेन्स, ज्यावरून स्लाइड सरकते ते गाइडवे बऱ्याचदा जपानी किंवा तैवानी. इथलं काय, तर कास्टिंग, स्क्रेपिंग (हाताने खरवडून पृष्ठभाग सपाट करणं) आणि जुळणी, म्हणजे सगळ्यात घामाचं काम. शेजारच्याने बाहेरचं मशीन आणलं. त्याचा एन्कोडर (जागा मोजणारा सेन्सर) गेला आणि पार्ट येईपर्यंत २३ दिवस मशीनवर ताडपत्री. हप्ता कुणी थांबवला नाही, काम देणाऱ्या पार्टीने मात्र काम उचलून दुसरीकडे दिलं.

मायक्रॉन: ती पोस्ट माझीच, आणि शब्द मागे घेत नाही. तुम्ही बुशिंग काढत असाल. माझ्याकडे ५० मिमी शाफ्टवर के६ हा घट्ट फिटिंगचा टॉलरन्स येतो, म्हणजे मापात सगळी मिळून १६ मायक्रॉनची मुभा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). देशी मशीनवर सकाळचा पहिला जॉब आणि दुपारी दोनचा जॉब यांत २० मायक्रॉनचा फरक यायचा. ऑपरेटर दर तासाला ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापाची दुरुस्ती, देत बसायचा. एक अख्खी लॉट परत आली, १८० नग. ते क्रेट टेम्पोतून उतरवताना माझ्या वडिलांचा चेहरा मी पाहिलाय.

तळवडेकर: शेड पत्र्याचं आहे का?

मायक्रॉन: आहे. त्याचा काय संबंध?

तळवडेकर: सगळा संबंध त्याचाच आहे. पोलाद मीटरला अंशामागे साडेअकरा मायक्रॉन वाढतं. एप्रिलमध्ये सकाळ-दुपारचा फरक सहज १० अंशांचा. ५० मिमीवर तिथेच ६ मायक्रॉन गेले. आधी छताखाली इन्सुलेशन करा, मग मशीनला शिव्या द्या.

मायक्रॉन: ६ झाले. उरलेले १४ कुणाचे?

तळवडेकर: एक्सच्या बॉलस्क्रूचे, म्हणजे हत्यार आत-बाहेर सरकवणाऱ्या स्क्रूचे. नट धावून धावून स्क्रू तापतो. २०० मिमी लांबीला ३ अंश वाढले तरी ७ मायक्रॉन, व्यासावर दुप्पट, म्हणजे १४. सकाळी वीस मिनिटं वॉर्मअप प्रोग्राम चालवत होता का?

मायक्रॉन: पोरं चालवत नव्हती. पण माझं म्हणणं तेच आहे! माझ्या जपानी मशीनला लिनियर स्केल आहे, स्क्रू तापला तरी ते खरी जागा मोजतं.

भोसरी जे ब्लॉक: स्केल देशी मशीनलाही मिळतं हो, पैसे मोजून. ऑर्डर देताना तुम्ही ते मागितलं नाही, हा मशीनचा दोष कसा?

चाकण सेटर: मालक लोक छत आणि स्केलवर भांडतायत, माणसाबद्दल एक अक्षर नाही. आयटीआयमधून कालपरवा आलेल्या पोराला रात्रपाळीला एकटा उभा करतात. आमच्याकडे तीन नंबर टूलच्या ऑफसेटमध्ये वजा चिन्ह टाकायचं राहिलं आणि टरेट सरळ जॉब धरणाऱ्या चकवर आदळला. आवाज गेटपर्यंत आला. पोरगं इमर्जन्सी बटणावर हात ठेवून थरथरत होतं. ते मशीन जपानीच होतं. मशीन कोणत्याही देशाचं असो, त्याची अलाइनमेंट तशी धडक बसली की हलते.

मायक्रॉन: सेटर दीड हजार जास्त मिळाले की शेजारी उडी मारतो, त्याचं काय?

चाकण सेटर: तुम्ही दोन हजार वाढवून बघितलेत कधी?

कास्टिंगवाला: भांडू नका, मुद्द्यावर या. राजकोटच्या ज्योती सीएनसी कंपनीने २००७ मध्ये मशीन बनवणारी फ्रान्सची हुरॉन विकत घेतली. आपल्याला जमत नाही हे म्हणणं आता सोडा. आणि काही जपानी मशीन जागेवरून हलवलं की लॉक होतात, कंपनीकडून कोड आल्याशिवाय सुरू होत नाहीत. तोशिबा मशीनने सोव्हिएतांना पाणबुडीचे प्रोपेलर कोरायची यंत्रं विकल्याचं १९८७ मध्ये उघड झालं, त्यानंतर निर्यातीचे नियम आवळले, त्यातलंच हे. गाळा भाड्याचा असेल तर आधी हे विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं. भोसरीहून चाकणला मशीन नेलं आणि नऊ दिवस कोडची वाट पाहिली.

मायक्रॉन: हे मला माहीत नव्हतं. माझा गाळाही भाड्याचाच आहे.

भोसरी जे ब्लॉक: मग आता तरी 'भंगार' शब्द मागे घ्या.

मायक्रॉन: बुशिंग, फ्लँज, ढोबळ कामाला देशी चालेल, एवढं मान्य. के६ ला मी अजून विश्वास ठेवत नाही. तुमच्या २०११ च्या मशीनवर दुपारी दोन वाजता ५० मिमीचे दहा शाफ्ट काढून दाखवा, मायक्रोमीटर माझा.

भोसरी जे ब्लॉक: बुधवारी या. गुरुवारी आमच्याकडे लाइट नसते. मटेरियल तुमचं आणा, आणि शेड माझंही पत्र्याचंच आहे.